सीडीवाला कन्सोल की डिजिटल? काउंटरच्या अलीकडून

संभाजीनगरात पैठण गेटजवळच्या एका दुकानात मी चार वर्षं काउंटरवर होतो. टीव्ही, मिक्सर, इस्त्री विकता विकता गेमचा कोपराही माझ्याच गळ्यात पडला, कारण बाकी पोरांना त्यातलं काही कळायचं नाही. गिऱ्हाईक एकच विचारायचं: सीडीवाला घेऊ का डिजिटल? म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल सीडी घालून चालणारा घेऊ, की गेम फक्त नेटवरून उतरवणारा. सोनीचा प्लेस्टेशन ५ (पीएस ५) भारतात आला तेव्हा, २०२१ साली, सीडीवाल्याची किंमत ४९,९९० रुपये होती आणि बिनसीडीच्याची ३९,९९०. दहा हजार वाचतात म्हटल्यावर माणूस डिजिटलकडेच झुकतो. मी अडवायचो.

आधी नेट बघा. आजकाल १०० जीबीचा गेम काही नवलाचा नाही. घरी ३० एमबीपीएसचं फायबर असेल आणि ते खरोखर तेवढं चालत असेल, तर साडेसात तास लागतात. गावात मोबाईलच्या रोजच्या २ जीबीवर तोच गेम उतरवायला ५० दिवस. त्यात मधेच लाईट जाते, ती वेगळीच.

पण सीडी घेतली म्हणजे सुटलात, असंही नाही. पाथरीकडचे एक काका पोराला घेऊन आले होते. सीडीची डबी काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, “आवो, पैसे पूर्ण दिले ना? मग सकाळपासून डाऊनलोडच व्हायलंय, आणखीन ६२ जीबी मागायलंय. डबीत काय दिलं मग?” काय सांगणार? २०२२ सालच्या ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २’च्या पीएस ५ सीडीवर तर जेमतेम ७० एमबी होते, बाकी सगळं नेटवरून. म्हणून एकट्यानं खेळायचा, जुना, अपडेट कमी लागणारा गेम असेल तरच सीडी नेटचं ओझं हलकं करते.

सीडीची खरी कमाई पुढे आहे. सोनीचे मोठे गेम नवे असताना ४,९९९ ला यायचे. महिन्याभरात संपवून मित्राला विकला तर निम्मे तरी सुटतात, नाहीतर अदलाबदल होते. डिजिटल गेम तुमच्या खात्यातच अडकतो. तीन-चार गेममध्ये ते दहा हजार भरून निघतात.

गेम बिघडलेला निघाला तर मात्र पारडं उलटं फिरतं. ‘सायबरपंक २०७७’ १० डिसेंबर २०२० ला आला, पीएस ४ वर अडखळत होता, आणि आठवड्याभरात सोनीनं तो आपल्या स्टोअरवरून काढून डिजिटलवाल्यांना पैसे परत द्यायला सुरुवात केली. सीडीवाले आमच्याकडे आले. मालकानं भिंतीवरची पाटी दाखवली: ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ शिव्या मला बसल्या. पाटी लावणाऱ्याला कुणी काही बोलत नाही.

ती पाटी कायद्यापुढे टिकत नाही, हे मला पुढे कळलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित प्रथा ठरते. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावता येतो. पण त्यासाठी पक्कं बिल पाहिजे, आणि जीएसटी वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर माल नेणारे आमच्याकडे थोडे नव्हते.

डिजिटलचेही नियम आहेतच. पीसीवर स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान खरेदीपासून १४ दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत देतं. मला ही सोय सगळ्यात प्रामाणिक वाटते. प्लेस्टेशनवर डाऊनलोड सुरू केलं की हक्क जवळजवळ संपतो, गेमच सदोष असेल तर गोष्ट वेगळी. फक्त ऑनलाइन चालणारा गेम असेल तर सीडी-डिजिटल सारखंच: ‘द क्रू’ या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले, सीडी घरात असूनही उपयोग नाही.

तेव्हा जालना, परभणी, धाराशिवकडे राहत असाल तर सीडीवालाच घ्या. फायबर भक्कम आणि वर्षाला एखाद-दुसराच गेम घेणार असाल तर डिजिटल चालेल. दोन्हीत पहिल्या दिवशी गेम घेऊ नका, तीन महिने थांबा. एक्स्टेंडेड वॉरंटी विकणाऱ्या पोराला महिन्याचं टार्गेट असतं, मलाही होतं. नको असेल तर हसून नको म्हणा. आणि डबा दुकानातच उघडायला लावा, कन्सोल सीडी आत ओढतो का बघा, सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या.