‘सक्तीचे’ दिवे, खोटं प्रमाणपत्र आणि माझे ४९,५२० रुपये

मासेमारीच्या हंगामाच्या तोंडावर कोणी ‘सक्तीचं नेव्हिगेशन लाइट किट’, म्हणजे रात्री बोट ओळखू यावी म्हणून लावायच्या रंगीत दिव्यांचा संच, घेऊन तुमच्या जेट्टीवर आला, तर त्याला चहासुद्धा पाजू नका. आम्ही पाजला. वर जेवायलाही बसवला.

आधी हिशोब सांगतो, कारण बंदरात माझ्या नावावर ‘लाखाला बुडाला’ असं फिरतंय. किट ३४,५००. तपासणी आणि प्रमाणपत्र फी ४,००० वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,७२०. फिटिंग २,५००. डेकवर ‘सेफ्टीसाठी’ दोन एलईडी फ्लडलाइट, ७,८००. एकूण ४९,५२०. त्यातले १५,००० यूपीआयनं आगाऊ आणि ३४,५२० रोख. पावती छापील, शिक्क्याची, जीएसटी नंबरसकट. तो नंबर दुसऱ्या राज्यातल्या एका कापड दुकानाचा निघाला, तोही रद्द झालेला. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की लगेच कळतं. टाकत जा.

आता ‘शिकलेला माणूस असून कसा फसलास’ म्हणणाऱ्यांसाठी. जुलैचा शेवटचा आठवडा होता. १ जूनपासून बोट वर ओढलेली, दोन महिने एक रुपयाची आवक नाही, डिझेलवरच्या कराचा परतावा अडकलेला, खलाशांना आगाऊ देऊन झालेलं. अशात व्हॉट्सअॅपवर मत्स्यव्यवसाय खात्याच्या नावानं पत्र आलं, वर राजमुद्रा, खाली सही. त्यात १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियमांचा दाखला होता आणि तो खराच आहे. लबाडी पुढच्या ओळीत होती: जुने दिवे असलेल्या नौकांचा परवाना नूतनीकरणास पात्र राहणार नाही. परवाना नाही म्हणजे डिझेल कोटा नाही, हे आम्हाला कोणी समजावून सांगावं लागत नाही. शिवाय असाच एक माणूस बॅग घेऊन ट्रान्सपाँडर (बोट कुठं आहे ते कळवणारं यंत्र) बसवायला आला होता, तो खरा होता, सरकारनं फुकट बसवून दिला. मग हा खोटा कशावरून? मच्छीमार सोसायटीतल्या मोठ्यांनी माझ्याआधी किट घेतलेलं. मी एकटा शहाणपणा करायला गेलो असतो तर हेच लोक ‘याला नियम नकोत’ म्हणाले असते.

यूपीआयला फर्मचं नाव न येता एका बाईचं नाव आलं. तो म्हणाला, ‘मिसेसचं खातं आहे, करंट खात्याला लिमिट लागलंय.’ चला, हेही सोडून देतो, अर्धा बाजार असाच चालतो.

पण त्या संध्याकाळचं मात्र सोडवत नाही. फिटिंग झालं, अंधार पडला, त्यानं दिवे लावून दाखवले. झकास दिसत होते. आमचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, उतरला, बोटीला एक फेरी मारून आला आणि म्हणाला, ‘‘मालक, मी पार मागं जाऊन उभा राहिलो, तरी हिरवा दिसतोय. लालपण.’’ तो माणूस हसला. ‘‘काका, जास्त दिसला तर वाईट काय?’’ आणि मी, तीस वर्षं समुद्र बघितलेला माणूस, तांडेलालाच म्हणालो, तू गप रे. तिथंच सगळं उघड झालं होतं. बॉक्समधला हिरवा दिवा हातात घेतला असता तरी कळलं असतं. आत एकच पांढरी पट्टी आणि वर हिरवं प्लास्टिकचं टोपण, आड करायला पत्र्याची साधी चकतीसुद्धा नाही.

ज्यांना वाटतं की दिवा तो दिवा, त्यांच्यासाठी सांगतो. डाव्या अंगाचा लाल आणि उजव्या अंगाचा हिरवा, दोन्ही नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, सरळ रेषेपासून आपापल्या बाजूला ११२.५ अंशच दिसायला हवेत, म्हणजे आडव्याच्या जरासं मागं गेलं की बंद. डोलकाठीचा पांढरा २२५ अंश, मागचा पांढरा १३५ अंश. रात्री समोरच्याला तुमची बोट दिसत नाही, रंग दिसतात, त्यावरून तो ठरवतो तुमचं तोंड कुठं आहे. लाल-हिरवा दोन्ही दिसले म्हणजे तुम्ही सरळ त्याच्या अंगावर येताय. नुसता पांढरा दिसला तर तो तुमच्या मागं आहे. माझी बोट चारही बाजूंनी ‘अंगावर येत’ होती.

आणि तेच झालं. जयगडच्या बाहेर परतीच्या वाटेवर मागून एक बार्ज (मालवाहू नौका) येत होती. तिला वाटलं आम्ही समोरून येतोय. तिनं वळण घेतलं, आम्हाला तिचं वळण कळेना, तेवढ्यात पाच छोटे भोंगे वाजले. पाच छोट्या भोंग्यांचा अर्थ ‘तुझं काय चाललंय ते मला कळत नाही’. तांडेलानं सुकाणू मारलं म्हणून हे लिहायला मी आहे. व्हीएचएफवर, म्हणजे बोटीच्या रेडिओवर, बोलावं तर नुसती खरखर. दिवे बंद केले की चॅनल १६ (संकटात हाक मारायचा) स्वच्छ, लावले की खरखर. मर्चंट नेव्हीतल्या मेव्हण्यानं नंतर सांगितलं, स्वस्त एलईडीच्या सर्किटमुळे रेडिओ असा मरतो, अमेरिकेच्या कोस्टगार्डनं २०१८ मध्येच इशारा दिला होता. तुमच्याकडे नवे दिवे असतील तर आजच बघा: व्हीएचएफ शांत चॅनलवर ठेवा, सगळे दिवे बंद असताना स्क्वेल्च (खरखर दाबायचं बटण) आवाज जेमतेम थांबेल इथवर आणा, मग एकेक दिवा लावा. आवाज परत आला तर तो दिवा बदला.

आणखी एक. गिलनेटची (पाण्यात जाळं उभं सोडून धरणारी) बोट जाळ्यावर असताना वर लाल, खाली पांढरा, चारही बाजूंनी दिसणारे. वर हिरवा असला तर ती ट्रॉलर, जाळं मागं ओढत नेणारी. त्यानं सगळ्यांना एकच खोकं विकलं. माझ्या गिलनेटच्या बोटीवर हिरवा!

फ्लडलाइटची कथा वेगळीच. लावले की केबिनमधून पुढचा समुद्र काळा ठिक्कर, तांडेलाला काही दिसेना आणि लांबून आमचे लाल-हिरवे त्या झगमगाटात बुडालेले. नियमच सांगतो की बाकीचा उजेड मूळ दिव्यांना झाकणारा किंवा नजर मारणारा नसावा. डेकवर उजेड लागतोच, मासळी निवडायला, जाळं ओढायला. पण दिवा खाली, तोंड डेककडे, वर झाकण, आणि चालत्या बोटीवर बंद. भरीस भर म्हणजे गस्तीनं एकदा अडवून एलईडीची मासेमारी (झगझगीत उजेडानं मासे गोळा करून धरणं) करता का म्हणून तासभर उलटतपासणी केली. बंदी २०१७ पासून आहे, हे मला सांगत होते. आम्ही त्याच बंदीसाठी मोर्चे काढलेत, साहेब!

आता कचेऱ्यांचं. पोलीस ठाण्यात म्हणाले, ‘वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली, दिवाणी वाद आहे.’ खोटा शिक्का, खोटा नंबर, खोटं पत्र, तरी दिवाणी! भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मी त्यांना मोबाइलवर दाखवलं, तर म्हणे आम्हाला शिकवू नका. सागरी पोलिसांकडे गेलो. ‘व्यवहार जेट्टीवर झाला, म्हणजे जमिनीवर. आमच्याकडे नाही.’ मत्स्यव्यवसाय खात्यात गेलो. ‘असं पत्र आम्ही काढलंच नाही. तुम्ही विचारायला हवं होतं.’ विचारायला फोन केला होता, साहेब. कोणी उचलला नाही. बंदरावर अकरा बोटींना एकाच नंबरचं प्रमाणपत्र लागलंय, निदान सूचना तरी लावा म्हटलं, तर लेखी द्या. लेखी दिलं, तर आवक-जावकची बाई रजेवर. सायबर फसवणुकीच्या १९३० ला फोन केला, तर ‘पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत, उशीरही झालाय.’ ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वरच्या मुलानं सांगितलं, धंद्यासाठी घेतलंय म्हणजे तुम्ही ग्राहक नाही. हे साफ चूक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात केवळ स्वयंरोजगारानं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू धंद्यात धरत नाहीत. कोणी असं सांगून फोन ठेवला तर ऐकून घेऊ नका, अर्ज टाकाच. आणि प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारीख. मला एका ठिकाणी ‘पेन्सिलनं लिहून देतो’ म्हणाले.

खोकी फेकू नका. पावती, चॅट, दिव्याचे उघडून काढलेले फोटो जपून ठेवा. प्रमाणपत्रावर नंबर असला तरी तो खरा का, हे दिवा बनवणाऱ्या कंपनीला विचारा, विकणाऱ्याला नव्हे.

त्या माणसाचा नंबर अजून चालू आहे. परवा मेसेज आला: जुना सेट परत घेऊन ‘सुधारित’ सेट देणार, वरचे फक्त १२,०००. आमच्याच जेट्टीवरचे दोघं मला विचारत होते, जमेल का म्हणून.