आयकराचं ई-फायलिंग पोर्टल: ‘लाडकी बहीण’चे पैसे येणाऱ्या घराने कसं वापरावं

एजंट ज्या कामाचे पैसे घेतो, ते हे पोर्टल फुकट करतं. साध्या पगारदाराच्या आयटीआर-1 या सोप्या रिटर्न फॉर्मपुरतं तर चांगलंच करतं. पगार, बँकेचं व्याज, टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापलेला कर) असं बरंचसं आधीच भरून येतं. मालकाने दिलेला फॉर्म 16 आणि एआयएस (आयकर खात्याकडे नोंदलेल्या तुमच्या व्यवहारांचा तक्ता) शेजारी ठेवून आकडे तेवढे जुळवायचे. नवी करप्रणाली आपोआप निवडलेली असते. आर्थिक वर्ष 2025-26 साठी तिच्यात 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम 87ए ची 60,000 पर्यंतची सूट पोर्टल स्वतःच लावतं. शेअर विकून झालेल्या अल्पमुदतीच्या नफ्यावरच्या कराला मात्र ती मिळत नाही.

पोर्टल सांगत नाही ते वेगळंच: ‘कर शून्य’ म्हणजे ‘योजनेला पात्र’ नव्हे. लाडकी बहीणसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, शिवाय घरात कोणी आयकरदाता नको. मालाडच्या एका सोसायटीतला वॉचमन धरा, पगार 24,000. वर्षाचे झाले 2,88,000. पगारदाराला सरसकट मिळणाऱ्या प्रमाणित वजावटीचे 75,000 गेले की रिटर्नवर ‘एकूण उत्पन्न’ 2,13,000 दिसतं आणि कर शून्य. हा कागद दाखवून अडीच लाखांच्या आत बसता येईल असं वाटतं. पण वजावट करापुरती. घरात 2,88,000 आलेच. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलं तर उत्पन्नाचा दाखला लागत नाही, मर्यादा मात्र तीच राहते.

दुसरी अडचण रिटर्नच्या पोचपावतीत. वायरमनची कामं कंत्राटाने घेणाऱ्याच्या 3,60,000 च्या बिलांवर 1 टक्का, म्हणजे 3,600 टीडीएस कापला जातो. कर लागत नसेल तर ते सगळे परत मिळतात. पण पावतीवर ‘टॅक्सेस पेड’ समोर 3,600 छापलेलं असतं, आणि योजनेचे कागद तपासणारा टेबलापलीकडचा माणूस तेवढंच वाचून ‘तुम्ही करदाते’ म्हणतो. त्याच्यापुढे बोट ‘नेट टॅक्स पेयेबल’च्या शून्यावर आणि खालच्या रिफंडच्या ओळीवर ठेवायचं. आणि ही बिलं आयटीआर-1 मध्ये ‘इतर उत्पन्न’ म्हणून ढकलायची नाहीत, काही एजंट तसं बिनदिक्कत करतात. हा धंदा आहे, फॉर्म आयटीआर-4. कलम 44एडी खाली बँकेतून आलेल्या रकमेवर किमान 6 टक्के आणि रोखीवर किमान 8 टक्के नफा दाखवायचा; खरा नफा जास्त असेल तर तोच.

रिफंड अडकण्याची कारणं ठरलेली: बँक खातं पोर्टलवर व्हॅलिडेट (पडताळणी) केलेलं नसणं, पॅन आणि खात्यावरचं नाव न जुळणं, पॅन-आधार जोडलेलं नसणं. लग्नानंतर बँकेत नाव बदललं आणि पॅनवर माहेरचंच राहिलं, की बायकांचे रिफंड हमखास इथेच अडतात. रिटर्न भरण्याआधी ‘माय प्रोफाइल’मध्ये खात्यासमोर ‘व्हॅलिडेटेड’ दिसतंय का ते बघा.

शेवटची पायरी ई-व्हेरिफिकेशनची, म्हणजे भरलेलं रिटर्न ऑनलाइन पक्कं करण्याची; मुदत 30 दिवस. ती हुकली तर ज्या दिवशी व्हेरिफाय कराल त्याच दिवशी रिटर्न भरलं असं धरतात, आणि व्हेरिफाय केलंच नाही तर भरलंच नाही असं. सोपी वाट आधार ओटीपीची, पण मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा. लाडकी बहीणच्या ई-केवायसीतही नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरच्या नंबरवर ओटीपी जातो. तो नंबर बंद पडला असेल तर आधी आधार केंद्र गाठा. ही दुरुस्ती घरबसल्या ऑनलाइन उरकेल या भरवशावर शेवटचा आठवडा ठेवू नका.