‘बूस्ट’ हब म्हणून मला काय विकलं गेलं

माउंटन बाइकची चाकं स्वतः बांधणाऱ्या किंवा कुणाकडून बांधून घेणाऱ्या प्रत्येकासाठी हे लिहिते आहे. मला बूस्ट (म्हणजे १४८ मिमी रुंदीचा, नव्या मापाचा) म्हणून विकलेला मागचा हब, म्हणजे स्पोक जिथे अडकतात तो चाकाचा मधला भाग, बूस्ट नव्हता. जाहिरातीतले १२० एंगेजमेंट पॉइंट, म्हणजे एका फेऱ्यात पकड घेण्याच्या जागा, प्रत्यक्षात २० निघाले. सिरॅमिक म्हणून सांगितलेली बेअरिंगं साधी स्टीलची होती. पैसे परत मिळाले नाहीत, कारण हे सगळं उघड होईपर्यंत हबमध्ये स्पोक पडले होते. चाक तयार होऊन सायकलला लागेपर्यंत काहीच कळू नये, अशा बेताने ही फसवणूक रचलेली आहे. म्हणून ती कशी केली जाते ते जरा खोलात जाऊन सांगते.

मला हवी होती २९ इंची चाकं: ३२ भोकांची, पुढे १५×११०, मागे १२×१४८ (एक्सलचा व्यास × हबची रुंदी, मिमीत), सहा बोल्टची डिस्क आणि मायक्रो स्प्लाइन फ्रीहब (मागचे गिअर बसतात तो हबचा भाग; मायक्रो स्प्लाइन हा त्याच्या खाचांचा प्रकार). चाक बांधताना मी सगळ्यात जास्त विचार हबचा करते. रिमला दगड लागून पोचा पडतो, स्पोक तुटतात, ते बदलता येतात. चांगला हब मात्र दोन-तीन रिम जुन्या होईपर्यंत टिकतो. हे विक्रेत्यांनाही माहीत असतं. ‘नव्या सायकलवरून काढलेला, न वापरलेला, नामांकित कंपनीचा हब’ अशी जाहिरात दिसली की आपलं लक्ष जाणारच, कारण चाक अपग्रेड करणारे लोक नवे हब खरोखरच असे काढून विकतात. त्या खऱ्या व्यवहारांच्या आडून हे खोटे व्यवहार चालतात.

खरेदीआधी मी फ्लँजची, म्हणजे हबच्या दोन्ही बाजूंना स्पोक अडकवायच्या कड्यांची, मापं विचारली होती. विक्रेत्याने लगेच मूळ कंपनीचा तपशीलवार तक्ता पाठवला. तक्ता अगदी खरा होता, फक्त तो माझ्या हातात येणाऱ्या हबचा नव्हता.

इथे बूस्ट म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढची लबाडी लक्षात येणार नाही. मागच्या हबची रुंदी आधी १४२ मिमी असायची. २०१४ च्या सुमारास ट्रेक आणि स्रॅमने १४८ मिमीचा हब आणला. वाढलेले सहा मिलिमीटर नुसते टोकांना जोडलेले नाहीत. दोन्ही फ्लँज प्रत्येकी ३ मिमी बाहेर गेले, त्यांच्याबरोबर कॅसेट (मागच्या गिअरचक्रांचा संच) आणि डिस्कची बैठकही ३ मिमी बाहेर सरकली. पुढच्या हबमध्ये १०० चे ११० झाले आणि फ्लँज प्रत्येकी ५ मिमी बाहेर आले. २९ इंची चाकात स्पोक लांब असतात, रिमकडे जाताना त्यांचा कोन फार निमुळता होतो आणि चाक बाजूला लवचिक वाटतं. त्यातही उजवीकडचा फ्लँज कॅसेटमुळे आधीच आत दाबलेला असतो. तो मध्यरेषेपासून १८ ऐवजी २१ मिमीवर नेला, तर स्पोकचा कोन साधारण साडेतीन अंशांवरून चार अंशांच्या थोडा पुढे जातो. ऐकायला हे किरकोळ वाटेल. पण चाकाचा बाजूचा ताठपणा ढोबळमानाने या अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे तीन मिलिमीटरने मोठा फरक पडतो. बूस्टचे पैसे आपण या तीन मिलिमीटरसाठी मोजतो.

मला आला तो १४२ चा जुना हब. दोन्ही टोकांना प्रत्येकी ३ मिमीने जास्त जाड एंड कॅप (टोकाच्या टोप्या) लावून त्याची रुंदी १४८ केली होती. डिस्कच्या बैठकीवर ३ मिमीची चकती होती, हबच्याच काळ्या रंगात अॅनोडाइज केलेली, आणि पिशवीत डिस्कचे लांब बोल्ट ‘भेट’ म्हणून टाकलेले. अशी रूपांतराची किट बाजारात राजरोस मिळतात आणि त्यात वावगं काही नाही. जुनं चांगलं चाक नव्या फ्रेमला लावायचं असेल तर तो उपयोगी मार्ग आहे. ते किट लपवून, वर बूस्टचं नाव छापून विकणं ही मात्र चोरी आहे.

चाक बांधताना हे का कळत नाही? मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारा भाग हाच आहे. फ्लँज ३ मिमी आत असला तरी एवढ्या मोठ्या चाकात स्पोकची लांबी जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा मिलिमीटर बदलते. म्हणजे खऱ्या बूस्ट हबच्या तक्त्यावरून काढलेले स्पोक खोट्या हबलाही चपखल बसतात. डिश, म्हणजे रिम हबच्या मध्यात आहे का ते, बघायची तर ती एंड कॅपच्या टोकांपासून मोजतात, आणि दोन्हीकडे ३-३ मिमी सारखंच वाढवलेलं असल्याने रिम बरोबर मध्यात येते. राहिला स्पोकचा ताण. उजवीकडे १२० किलोग्रॅम-बल ताण आणला, तर खऱ्या बूस्टवर डावीकडे साधारण ७० येईल, या हबवर ६५. एवढा फरक टेन्शन मीटरच्या कमी-जास्तीत सहज बुडून जातो. चाकाचा आउट (डगमग) निघाला, ताण सारखा झाला, सगळं व्यवस्थित दिसलं.

पत्ता लागला तो डिस्क बसवताना. आधीच्या चाकाची डिस्क आणि या चाकाची डिस्क कॅलिपरमध्ये एकाच जागी येत होती, पण डिस्कच्या मागे एक बारीक रेघ दिसली. बोल्ट काढल्यावर चकती हातात आली. चकतीविना डिस्क लावून बघितली तर ती बरोबर ३ मिमी आत गेली. चेनलाइनही (चेन धावते ती रेघ) तेवढीच आत होती. गिअर बसवताना डिरेलरचे दोन्ही लिमिट स्क्रू आधीच्या चाकापेक्षा बरेच फिरवावे लागले होते, त्याचं कारण आता समोर होतं.

मग बाकीचं तपासायला घेतलं. एंगेजमेंट म्हणजे पेडल मारल्यावर फ्रीहब पकड घेईपर्यंत किती फिरतो ते. १२० पॉइंट म्हणजे ३ अंशांत पकड. फ्रीहबवर टेपची खूण केली आणि हळूहळू उलटा फिरवत एका फेऱ्यात किती खटके वाजतात ते मोजलं. वीस. फ्रीहब ओढून काढल्यावर हिशोब उलगडला: आत २० दात्यांची रिंग आणि सहा पॉल, म्हणजे दात्यांत अडकून पकड घेणाऱ्या सहा खिट्ट्या, ज्यांना कुत्री म्हणतात. सहा गुणिले वीस, एकशेवीस! पण ही सहाही कुत्री एकाच क्षणी दात्यात पडतात. त्यामुळे फेऱ्यात पकडीच्या जागा वीसच राहतात आणि पकड १८ अंशांनी येते.

गुणाकार नेहमीच खोटा असतो असं नाही, त्यामुळे हे नीट समजून घ्या. होप प्रो ५ मध्ये ५४ दाते आणि सहा पॉल आहेत, पण तीन-तीनच्या दोन जोड्या अर्ध्या दात्याच्या फरकाने बसवल्या आहेत, म्हणून १०८ पॉइंट खरे. इंडस्ट्री नाइनच्या हायड्रात ११५ दाते आणि सहा पॉल एकापाठोपाठ एक पकड घेतात, म्हणून तिथले ६९० खरे. पॉल किती आहेत यापेक्षा ते एकत्र पडतात की आळीपाळीने, यावर सगळं ठरतं. ते खटके मोजल्याशिवाय किंवा हब उघडल्याशिवाय दिसत नाही.

हबवरचे अंश पेडलपर्यंत पोचताना बदलतात, तेही लक्षात घ्या. पुढे ३२ दाती चेनरिंग आणि मागे ५० दात्यांचं चक्र असेल, तर हबवरचे १८ अंश पेडलवर २८ अंश होतात. खऱ्या १२० पॉइंटच्या हबवर तेच पाच अंशांहून कमी असते. दगडांच्या चढावर, जिथे पेडल पूर्ण फिरवायला जागा नसते आणि पाव-पाव फेरा मागे-पुढे करत वर सरकायचं असतं, तिथे २८ अंशांची पोकळी म्हणजे प्रत्येक झटक्याला वेग मरणं. मी या हबचा पैसा त्याच चढांसाठी मोजला होता.

माझं मत विचाराल तर १२० चा अट्टहास कुणीच करू नये. डीटी स्विसच्या स्टार रॅचेटची ३६ दाती जोडी १० अंशांत पकड घेते आणि दोन्ही रिंगांचे सगळे दाते एकाच वेळी एकमेकांत बसतात, त्यामुळे भार वाटला जातो. तसा १० अंशांचा प्रामाणिक हब मी ठिसूळ दात्यांच्या ३ अंशांच्या हबपेक्षा केव्हाही घेईन. पण आपण सगळेच मोठ्या आकड्यामागे लागलो आहोत, आणि भामट्यांना आकडा छापायला खर्च काहीच येत नाही.

आणि हा प्रश्न नुसत्या पैशांचा नाही. माझ्या हबच्या रिंगेचे दाते टोकांना गोल झाले होते. उभं राहून जोर लावताना कुत्री दात्यावरून घसरली की पेडल एकदम खाली कोसळतं आणि अंग हँडलवर आदळतं. कड्याच्या कडेने जाणाऱ्या वाटेवर ते घडलं तर काय होईल ते सांगायला नको. असा हब स्वस्तात मिळाला म्हणून चालवून घ्यावा असं कुणाला वाटत असेल, तर कृपा करून तसं करू नका.

बेअरिंगांचं थोडक्यात. सील सुईने अलगद उचललं तर आत चकाकते स्टीलचे छर्रे. हायब्रिड सिरॅमिकमध्ये छर्रे सिलिकॉन नायट्राइडचे असतात, गडद राखाडी ते काळे. तशी सिरॅमिक बेअरिंगं माउंटन बाइकला लागतातच असं नाही, चिखल-पाण्यात सील आणि ग्रीस जास्त महत्त्वाचं. वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. उजवीकडचं बेअरिंग बोटाने दाबल्यावर बाहेर आलं आणि बैठकीत हिरवा गोंद दिसला. म्हणजे हबमधली बेअरिंगची बैठकच सैल कापली गेली होती आणि बेअरिंग गोंदाने धरून ठेवलं होतं. अशा हबमध्ये कितीही चांगलं बेअरिंग घातलं तरी ते टिकणार नाही.

विक्रेत्याला फोटो पाठवले. पहिलं उत्तर, “ताई, फ्रेममध्ये बसतोय ना? मग बूस्टच.” खटक्यांबद्दल विचारल्यावर, “कंपनीच सहा कुत्री लावते, आम्ही काय करणार?” शेवटी, “स्पोक टाकलेला हब परत घेत नाही.” या शेवटच्या वाक्यासाठीच सगळा बनाव होता. कारण पार्सल मिळाल्यावर त्याने स्वतःहून, फार आपुलकीने लिहिलं होतं, “आधी चाक बांधून दोन राइड करा, मग काही वाटलं तर बोलू.” चाक बांधायला स्पोक यावे लागतात, त्यात वेळ जातो आणि तक्रार नोंदवायची मुदत उलटते. शिवाय स्पोक ताणले की फ्लँजच्या भोकांवर त्यांचे वळ उमटतात, आणि मग हब ‘वापरलेला’ ठरतो. स्पोक टाकलेला माल परत न घेण्याचा नियम प्रामाणिक दुकानांतही असतो आणि तो रास्त आहे. त्याने तोच नियम सापळा म्हणून वापरला.

म्हणून पहिला स्पोक भोकात घालण्याआधी, पार्सल उघडल्याच्या दिवशी, व्हर्निअर कॅलिपर हातात घ्या. एंड कॅप ओढून काढा, बहुतेक नव्या हबांत त्या हाताने निघतात, आणि त्यांची जाडी तक्त्याशी ताडून बघा. १४८ चा निम्मा ७४. एंड कॅपच्या टोकापासून फ्लँजच्या मध्यापर्यंतचं अंतर ७४ मधून वजा केलं की फ्लँज मध्यरेषेपासून किती दूर आहे ते मिळतं. दोन्ही बाजूंचे हे आकडे कंपनीच्या तक्त्यात असतात. दोन्हीकडे तीनाचा फरक आला तर समजून जा. डिस्कच्या बैठकीवर नख फिरवा, चकतीचा सांधा नखाला लागतो. फ्लँजवरच्या समोरासमोरच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजून त्यातून एका भोकाचा व्यास वजा करा, तो झाला पीसीडी, म्हणजे भोकांच्या वर्तुळाचा व्यास. हा चुकीचा असेल तर स्पोकही वाया जातात: ५८ ऐवजी ४५ निघाला, तर २९ इंची चाकात थ्री-क्रॉस विणीला (प्रत्येक स्पोक दुसऱ्या तिघांना ओलांडतो ती) स्पोक सुमारे २ मिमी लांब लागतो. फ्रीहब स्टीलचा म्हणून विकला असेल तर चुंबक लावा, अॅल्युमिनियमला तो चिकटणार नाही. खटके मोजा. हे सगळं सलग व्हिडिओत, पार्सलवरची चिठ्ठी दिसेल असं, टिपून ठेवा. विक्रेता कितीही गोड बोलून ‘आधी बांधून बघा’ म्हणाला तरी तक्रारीची मुदत आधी बघा.

ती जाहिरात आता वेगळ्या नावाने पुन्हा लागली आहे, त्याच फोटोंसकट. सगळे फोटो कॅसेटच्या बाजूने घेतलेले आहेत, डिस्कची बाजू एकाही फोटोत नाही, आणि लांब बोल्ट अजूनही ‘भेट’ आहेत. कुणाशी बोलणी चालू असतील तर एंड कॅप काढून, डिस्कच्या बैठकीचा, शेजारी कॅलिपर ठेवलेला फोटो मागा. मी नव्या नावावर तोच फोटो मागितला. संदेश वाचल्याची खूण आली आणि त्यानंतर मला ब्लॉक केलं गेलं.