इन्सब्रुकच्या जुन्या शहरातलं घर: हिवाळा ते उन्हाळा राहिल्यानंतरचा अनुभव

ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या जुन्या शहरातली घरं रस्त्याकडून अरुंद आणि आत लांबलचक. तळाला कमानींखालची दुकानं, वर तीन-चार मजले, दर्शनी भिंतीतून पुढे आलेला तीन बाजूंनी काचांचा एर्कर, म्हणजे खोलीचाच बाहेर आलेला बंद भाग. कमानींचा दगड बराचसा शेजारच्या हॉटिंगच्या खाणींतला. जवळून पाहिलं तर नैसर्गिक चुन्यात जखडलेले खडे वेगवेगळे दिसतात. काही घरांना बाहेरून तिरके, जाड टेकू आहेत, ते 1670 आणि 1689 च्या भूकंपांनंतर बांधलेले. बघायला हे सगळं सुरेखच, पण राहायला घर कसं आहे ते खिडक्यांवर ठरतं.

इथली जुनी खिडकी दुहेरी असते: एकामागे एक दोन झडपा, मध्ये साधारण वीतभर पोकळी. एकेरी काचेतून दर चौरस मीटरला, आत-बाहेरच्या तापमानातल्या दर अंश फरकाला सुमारे 5.8 वॅट उष्णता जाते. या जोडीतून साधारण 2.5. शंभर वर्षं जुन्या लाकडासाठी हे फारच चांगलं आहे. अट एकच: आतली झडप घट्ट हवी आणि बाहेरची किंचित सैल. हौसेनं बाहेरच्या झडपेला रबरी पट्टी लावली की खोलीतली दमट हवा आतल्या फटींतून पोकळीत शिरते, पण बाहेर पडत नाही. थंडीत बाहेरच्या काचेवर आतून पाणी सुटतं, खालच्या आडव्या पट्टीवर साचतं, आधी काच बसवलेली लांबी (पुट्टी) सुटते, मग लाकूड कुजतं. म्हणून रबरी पट्टी आतल्या झडपेलाच लावावी. बाहेर जवसाच्या तेलातला रंग आणि जवसाचीच लांबी वापरावी. खालची पट्टी दर उन्हाळ्यात तपासावी. झडपा बदलायचा विचार असेल, तर घर संरक्षित आहे का ते आधी पाहावं. असल्यास स्मारक-संरक्षण कार्यालयाची परवानगी लागते.

फॉन वारा सुटला की बाहेरच्या झडपा आकड्यात अडकवल्याच पाहिजेत. हा वारा दक्षिणेकडून, विप खोऱ्यातून उतरतो आणि मोकळी झडप बिजागरीसकट उखडू शकतो.

भिंती जाड आहेत म्हणून घर उबदार असेल, ही समजूत सोडून द्यावी. दगड उष्णता साठवतो, अडवत नाही. जुलैत त्याचा फायदा मिळतो. जानेवारीत कोपरे गार पडतात. बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवलं की मागे बुरशी आलीच. निदान 10 सेंटीमीटर जागा सोडावी, आर्द्रता 50 टक्क्यांखाली ठेवावी, आणि दिवसातून दोन-तीनदा पुढच्या-मागच्या खिडक्या पाच मिनिटं सताड उघडाव्यात. खिडकी दिवसभर अर्धवट उघडी ठेवली तर हवा फारशी बदलत नाही, भिंत मात्र गारठते. रंग चुन्याचाच द्यावा. प्लॅस्टिक रंगामागे ओल अडकते आणि गिलावा पापुद्रे धरतो. एर्करला खालूनही थंडी लागते; तिथे झोपण्याची जागा करू नये.

जमीन लाकडी तुळयांवर, मधल्या पोकळीत भराव. न्हाणीघरातली गळती त्या भरावात मुरते आणि दगडी भिंतीत रुतलेली तुळयांची टोकं आतून सडतात. वर काहीच दिसत नाही. वॉशिंग मशीन तुळया जिथे भिंतीवर टेकतात त्या बाजूला ठेवावं, खोलीच्या मध्यावर नको.

वरचा मजला घेणार असाल तर छताची चौकशी नक्की करा. दर्शनी भिंतीमागे छपराचे उतार आत वळलेले असतील, तर पाणी मधल्या पन्हळीत येतं. बर्फ दुपारी वितळून रात्री तिथेच गोठला की पाणी पत्र्याखाली शिरतं आणि सामाईक भिंतीवर डाग पडतात. पन्हळीत गरम होणारी तार बसवली आहे का आणि ती चालू आहे का, हे ऑक्टोबरातच पाहून घ्यावं.