ॲप बनवून घेताय? आधी माझे ४ लाख ८६ हजार कुठे गेले ते वाचा

ॲप बनवणाऱ्या डेव्हलपरशी ठरले होते ६ लाख ४० हजार. त्यातले ४ लाख ८६ हजार देऊन बसलोय आणि हातात काय, तर फिग्मा नावाच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली स्क्रीनची चित्रं. कोडची एक ओळ नाही.

ॲडव्हान्स घेऊन पळणारे सगळ्यांना ठाऊक असतात. हा पळाला नाही, तीच त्याची हुशारी. ॲडव्हान्सचे २ लाख ५६ हजार घेतले, 'डिझाइन पूर्ण' म्हणून आणखी १ लाख ९२ हजार, आणि दर आठवड्याला न चुकता डेमो.

त्यातला एक डेमो आठवला की अजून डोकं फिरतं. तो स्क्रीन शेअर करून दाखवत होता. मी म्हटलं, "माझा नंबर टाका ना, ओटीपी येतोय का बघू."

"सर, बॅकएंड जोडायचं बाकी आहे, पुढच्या बिल्डमध्ये."

मग त्याने नवी ऑर्डर टाकली, तरी यादीत त्याच जुन्या ऑर्डरी, तीच नावं. मला दिसलं ते. आणि मी काय बोललो? "निळा जरा गडद करा"! फिग्मात स्क्रीन एकमेकांना जोडल्या की बटण दाबताच पुढची उघडते, हुबेहूब ॲप वाटतं. मागे ना सर्व्हर, ना डेटाबेस, म्हणजे बॅकएंडच नाही. पण कोड न येणाऱ्याने हे ओळखायचं कसं? येत असता तर त्याला पैसे कशाला दिले असते? डेमो आपल्याच फोनवर मागा. ॲण्ड्रॉइडला एपीके, म्हणजे फोनवर टाकायची ॲपची फाइल; आयफोनला टेस्टफ्लाइट, म्हणजे ॲप स्टोअरवर येण्याआधी वापरून बघायची ॲपलची सोय. टाळाटाळ झाली की पुढचा हप्ता बंद.

उरलेले ३८ हजार 'स्टोअर आणि सर्व्हर'चे. गूगल प्लेची नोंदणी २५ डॉलर, तीही एकदाच. ॲपलची वर्षाला ९९ डॉलर. ही खाती आपल्याच नावाने उघडा. याने माझ्या ॲपच्या नावाने एक रिकामं ॲप स्वतःच्या खात्यावरून चढवलंय. ते माझ्या खात्यावर आणायचं तर हलवणार कोण? मूळ खातेधारक. म्हणजे तोच!

पोलीस ठाण्यात गेलो, तर "ॲपचं आहे ना, सायबरला जा." सायबरवाले म्हणाले, "हॅक झालंय का काही? पैसे तुम्हीच पाठवलेत. दिवाणी वाद आहे." परत ठाण्यात. तिथल्या साहेबांनी माझ्यासमोर त्याला फोन लावला. तो इतका गोड बोलला, की फोन ठेवून साहेब मलाच म्हणतात, "जरा सहकार्य करा, होईल काम." तक्रारदार कोण होतं तिथे? अर्जाची पोच मागितली, तर शिक्का ज्यांच्याकडे ते रजेवर.

वकिलाने करार पाहून कपाळाला हात लावला. काम पूर्ण कधी मानायचं, हे त्यात कुठेच नाही. प्रत्येक स्क्रीनवर काय दाबलं की काय व्हायला हवं आणि पेमेंट अडकलं तर काय दिसायला हवं, हे आधी लिहून काढा, हप्ते त्यालाच बांधा. कोडचा हक्कही लेखी घ्या. बहुतेक देशांत बाहेरच्या माणसाने लिहिलेला कोड, पैसे पूर्ण दिले तरी, लेखी करार नसेल तर त्याचाच राहतो. रिपॉझिटरी, म्हणजे सगळा कोड जिथे साठवतात ती ऑनलाइन जागा, पहिल्या दिवसापासून आपल्या खात्यात हवी. हप्ता सोडण्याआधी एखाद्या तिऱ्हाईत डेव्हलपरला तासाचे पैसे देऊन ती दाखवा.

काल त्याचा मेसेज आला: "सर, उरलेले १ लाख ५४ हजार पाठवलेत की बॅकएंड सुरू करतो."