आर१५ व्ही३ : ट्युनिंगनंतर नऊ महिने आणि साडेबारा हजार किलोमीटर

गाडी २०१९ची यामाहा आर१५ व्ही३ मोटरसायकल, बीएस४ (जुन्या प्रदूषण नियमांची) वाली, वॉरंटी कधीच संपलेली. रोज इचलकरंजी ते कोल्हापूर जाणं-येणं, महिन्यातून एखादवेळ आंबा घाटातून रत्नागिरी. मला पॉवर वाढवायची नव्हतीच, कंपनीचे १९.३ पीएस माझ्यासाठी भरपूर आहेत. मला पाहिजे होतं की रेस दिली की गाडीनं एकसारखं ओढावं, मध्येच ढिली नको आणि मध्येच झटका नको. त्यासाठी स्टँडअलोन ईसीयू बसवला, म्हणजे पेट्रोल किती आणि स्पार्क कधी हे ठरवणारा इंजिनचा कॉम्प्युटर, कंपनीच्या ऐवजी वेगळा, आपल्याला हवा तसा सेट करता येणारा.

या गाडीत व्हीव्हीए आहे, म्हणजे आरपीएमप्रमाणे व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी सोय. ज्यांना ती नीट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. या १५५ सीसी इंजिनात इनटेकला (हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या बाजूला) दोन कॅम लोब, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे फिरते उंचवटे आहेत, एक छोटा, एक मोठा. कंपनीच्या सेटिंगला ७४०० आरपीएमपर्यंत छोटा चालतो, त्याच्या वर गेलं की सोलेनॉइड (विजेवर चालणारा खटका) एक पिन ढकलतो, रॉकर आर्म (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) एकमेकांत अडकतात आणि इनटेक व्हॉल्व्ह जास्त उघडतात, जास्त वेळ उघडे राहतात. बऱ्याच कारमध्ये जे व्हीव्हीटी असतं ते वेगळं, तिथे ऑइलच्या प्रेशरवर कॅम थोडा पुढं-मागं फिरतो आणि बदल हळूहळू होतो. इथे लाइटच्या बटणासारखं आहे, हा नाहीतर तो. त्यामुळे गाडी स्मूथ करायची म्हणजे मुख्य काम त्या एका टप्प्यावर असतं.

पहिला मॅप (ईसीयूत भरायचे आकड्यांचे तक्ते) मी एकाकडून फोनवर बोलून मागवला. त्यानं गाडी बघितलीच नव्हती. त्याचं म्हणणं व्हीव्हीए लवकर चालू केला की पिकअप लवकर येतो, म्हणून स्विच थेट ५८०० ला. ऐकायला बरोबर वाटतं पण तसं होत नाही. मोठ्या लोबवर व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, आणि कमी आरपीएमला आत येणाऱ्या हवेला तेवढा जोर नसतो, मग पिस्टन वर येताना आत आलेलं थोडं मिश्रण परत पोर्टमध्ये ढकललं जातं. म्हणजे ५८०० ला टॉर्क वाढायच्या ऐवजी कमी झाला. शिवाय चालू आणि बंद व्हायचा आरपीएम एकच ठेवला होता, तेवढ्याच स्पीडला गाडी धरली की व्हीव्हीए सारखा चालू-बंद, चालू-बंद. आंबा घाट चढताना वळणातून बाहेर पडून रेस दिली तर गाडी आधी बसली आणि मग एकदम ओढली. मागं बायको होती, म्हणाली, "अहो, गाडी अशी दचकतीय का?" त्या दिवशी ठरवलं की हा मॅप काढायचा.

मग उद्यमनगरात एका ट्युनरकडं गेलो. त्यानं लॅपटॉप उघडलाच नाही. म्हणाला, "दादा, आधी चेन बघू, मॅप नंतर." चेन सैल, थ्रॉटल केबलला नको इतका प्ले, थ्रॉटल बॉडीत काळा थर, आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासले तर इनटेकचा एक टाइट. सगळं माझंच दुर्लक्ष. तेवढं करून एक चक्कर मारली तर कमी स्पीडचा अर्धा झटका गेलेला. हे मी मुद्दाम लांबवून सांगतोय कारण ईसीयूवर पैसे घालायच्या आधी हे करायला पाहिजे होतं आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

मॅपिंगची त्याची पद्धत मला फार आवडली. डायनो (गाडी जागेवर पळवून पॉवर मोजायचं मशीन) नव्हता. वाइडबँड सेन्सर (धुरावरून हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा) लावला आणि पहाटे मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरला ४५०० पासून फुल थ्रॉटल, एकदा फक्त छोट्या कॅमवर, एकदा फक्त मोठ्या, आणि तेही रस्त्यावर जाताना एकदा, येताना एकदा. लॉगमध्ये (झालेल्या नोंदीत) आरपीएम किती वेगानं चढतो ते बघायचं, जिथं दोन्ही कॅमच्या रेषा एकमेकीला कापतात तिथं स्विच. माझ्या गाडीला ते ७०००च्या जवळ आलं. चालू ७०००, बंद ६७००, मध्ये ३०० चं अंतर ठेवलं म्हणून आता चालू-बंद खेळत नाही. दोन्ही कॅमचे फ्युएल टेबल वेगवेगळे भरले आणि स्विचच्या लगेच नंतरच्या दोन-तीन खान्यांत इग्निशन दोन डिग्री मागं घेतलं, म्हणजे स्पार्क जरा उशिरा, झटका कमी.

अजून एक गोष्ट. पंपावर आता ई२० (वीस टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल) मिळतं, त्याला हवा-इंधनाचं योग्य प्रमाण नुसत्या पेट्रोलसारखं १४.७ नाही, साधारण १३.५ लागतं. जुन्या पेट्रोलच्या आकड्यांवर मॅप भरला तर फुल थ्रॉटलला गाडी लीन जाते (इंधन कमी पडतं), कारण तिथे ऑक्सिजन सेन्सरची दुरुस्ती नसते. म्हणून त्यानं सगळं लॅम्बडामध्ये केलं, त्यात कुठल्याही इंधनाचं योग्य प्रमाण म्हणजे १, आणि त्याखाली म्हणजे इंधन जास्त. क्रूझला (एकसारख्या स्पीडला) १, फुल थ्रॉटलला ०.८८. कुठं ट्युनिंग करणार असाल तर हे विचाराच.

आता गाडी कशी आहे? व्हीव्हीए कधी लागला ते फक्त आवाजावरून कळतं. सहाव्या गिअरला नव्वदपर्यंत छोट्या कॅमवर शांत चालते, शंभरला पूर्ण मोठ्यावर, आणि पूर्वी नेमकी शंभरलाच ती ७४०० ची सीमा यायची. घाटात गिअर कमी बदलावे लागतात. टॉप स्पीड आहे तेवढंच. एव्हरेज ४६ वरून ४३ वर आलंय, ते मला चालतं. थंडीत सकाळी पहिला स्टार्ट मात्र अजून मनासारखा नाही, जानेवारीत दोन-तीनदा सेल मारावा लागायचा, कोल्ड स्टार्टचं टेबल एकदा बदलून घेतलं तरी पूर्ण गेलं नाही. पावसाळा संपला की परत जाणार आहे, तेव्हा टॅपेट पण परत तपासून घेईन.