पॉइंट की इलेक्ट्रॉनिक? पद्मिनीवाल्यांसाठी थोडं अनुभवाचं

पद्मिनी, अँबेसेडर किंवा हेरल्डसारखी जुनी गाडी बाळगणाऱ्याला आज ना उद्या हा प्रश्न पडतोच: डिस्ट्रिब्यूटरमधले सीबी पॉइंट ठेवायचे, की काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा संच बसवायचा? माझ्याकडे पद्मिनी आहे आणि तिच्यावर मी दोन्ही वापरून पाहिलं आहे. कॅप काढून पॉइंटवरून एकदा तरी पॉलिश पेपर फिरवलेल्या माणसासाठी हे लिहितोय, त्यामुळे पॉइंट म्हणजे काय ते एकाच ओळीत: डिस्ट्रिब्यूटर प्लगांना ठिणगी वाटतो, आणि त्यातले पॉइंट कॉइलचा करंट तोडून ती ठिणगी पाडतात.

आधी पॉइंटबद्दल, कारण त्यांची बाजू लोक समजतात तितकी लंगडी नाही. अमेरिकन संशोधक चार्ल्स केटरिंगची ही पद्धत १९१० च्या सुमारास कॅडिलॅकवर आली आणि पुढे साठेक वर्षं जगभर चालली, ती उगाच नव्हे. क्रायस्लरने अमेरिकेतल्या आपल्या सगळ्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक इग्निशन द्यायला १९७३ साल उजाडलं. पॉइंटचा मोठा गुण म्हणजे बिघाड डोळ्यांना दिसतो. कॅप आणि रोटर काढा, चावी चालू ठेवून पॉइंट स्क्रू-ड्रायव्हरने अलगद उघडा. बारीक निळसर ठिणगी पडली तर ठीक, जाड पिवळी पडली तर पॉइंटवरची ठिणगी आवरणाऱ्या कंडेन्सरवर संशय घ्या. फट मोजायची पट्टी, म्हणजे फीलर गेज, नसेल तर व्हिजिटिंग कार्ड घालून गॅप लावायचा आणि घर गाठायचं. बॅटरी बरीच उतरली असली तरी चार माणसांनी ढकलल्यावर गाडी बोलते. इलेक्ट्रॉनिक संचातल्या मॉड्यूलला जागं व्हायला ठरावीक व्होल्टेज लागतंच. सेल्फ कण्हत असेल तर ते गप्प बसतं.

रोजच्या कटकटी सगळ्यांना माहीत आहेत, म्हणून त्या थोडक्यात. तीन हजार आरपीएमला चार सिलिंडरच्या गाडीत पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात आणि मिटतात. तीन ओहमची कॉइल असेल तर दर वेळी त्यांच्यातून चारेक अँपियर जातात. टोकं जळतात, फिरत्या कॅमवर घासणारी पॉइंटची टाच झिजते, गॅप कमी होतो आणि ठिणगीचं टायमिंग मागे सरकतं. हे इतकं हळू होतं की गाडी मंदावल्याचं मालकालाच शेवटी कळतं. गॅप ०.४५ मिलिमीटरला लावून स्क्रू आवळला की तो नेमका तेवढ्यात हलतो, मग पुन्हा ढिला करा, पुन्हा लावा. रविवारची सकाळ यात गेली तरी मला त्याचं फारसं दुःख नव्हतं. काही जणांना तर त्यातच मजा येते, आणि मीही त्यांच्यातलाच होतो.

माझं मन फिरवलं ते पॉइंटनी नाही, शेजारच्या कंडेन्सरने. मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याकडे निघालात आणि खंबाटकीच्या चढावर ट्रकच्या मागे सेकंड गिअरमध्ये अडकलात की बॉनेटखाली काय होतं ते सांगायला नको. गाडी दोन आचके देते आणि बंद पडते. पद्मिनीवाला बाटली घेऊन उतरतो, इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकतो आणि वाट बघतो. अर्ध्या तासाने गाडी सुरू होते, सगळे म्हणतात, ‘व्हेपर लॉक!’ म्हणजे तापून पेट्रोलची नळीतच वाफ झाली. असेलही. पण गरम झाल्यावर दम तोडणारा कंडेन्सर अगदी हेच करतो. तापला की त्यातून करंट गळायला लागतो, ठिणगी मरते, गार झाला की साळसूदपणे पुन्हा कामाला. ओल्या फडक्याने गाडी सुरू झाली की नुसत्या थांबण्याने, हे त्या फडक्यालाही ठाऊक नसतं.

माझ्या गाडीने हा खेळ पुन्हा पुन्हा केला. पंपाचा डायफ्रॅम बदलला, पेट्रोलच्या नळीला सायलेन्सरच्या गर्मीपासून आड केलं, टाकीच्या झाकणाचं छिद्रसुद्धा साफ करून झालं. दरम्यान नवे कंडेन्सरही बसवले. हल्ली खोक्यात मिळणारा कंडेन्सर चांगला निघेल याची खात्री कोणी देत नाही; त्यातला एक तर बसवल्यावर घरच्या गल्लीतच गेला. जुन्या साठ्यातला मिळाला तर वर्षानुवर्षं चालतो, पण तो मिळवायचा कुठून? मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी धावत होती तोवर तिच्या मागे फिटर, दुकानं आणि सुट्या भागांची अख्खी साखळी होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची टॅक्सी रस्त्यावरून उतरली, आणि गॅप कानाने लावणारे हातही आता तुरळक झालेत. कंडेन्सर डिस्ट्रिब्यूटरपासून लांब, बाहेर कॉइलजवळ लावण्याची युक्ती काही जण करतात. ती बऱ्यापैकी चालते. माझा मात्र धीर तोवर संपला होता. गाडी बंद पडण्याचं मला तितकं वाटत नाही. का बंद पडली हे न कळणं सोसत नाही.

इलेक्ट्रॉनिक संच बसला की पॉइंटबरोबर कंडेन्सरही जातो. माझ्यासाठी सौदा इथेच ठरला. कॅमवर एक चुंबकाची चकती बसते, पॉइंटच्या जागी छोटा सेन्सर येतो, दोन वायरी कॉइलच्या प्लस-मायनसला, वर तीच जुनी कॅप. ओरिजिनॅलिटी बघणाऱ्यांना बाहेरून ती जादा वायर तेवढी दिसेल. त्यानंतरही गाडी घाटात एकदा तापून थांबली, पण या वेळी ती पेट्रोलचीच भानगड होती आणि पहिल्या मिनिटाला तसं म्हणता आलं. संशयितांच्या यादीतलं एक नाव कमी झालं होतं.

बाकीचे फायदे माझ्या अनुभवात बेताचेच. उभ्या गाडीत इंजिनाचा स्लो एकसारखा लागतो, सकाळी चोक ओढून पहिल्या-दुसऱ्या सेल्फला उठते, चढावर पिकअप थोडा मोकळा वाटतो. मायलेज वाढलं म्हणणारे भेटतात. मला तसा फरक जाणवला नाही. नीट लावलेल्या पॉइंटशी तुलना केली तर फार फरक जाणवू नये असंच वाटतं. फरक पडतो तो इतकाच की काही महिन्यांनीही टायमिंग लावलं होतं तिथेच सापडतं. वेगानुसार टायमिंग पुढे नेणारी ॲडव्हान्सची वजनं गंजली असतील किंवा व्हॅक्यूमचा डायफ्रॅम फाटला असेल, तर हा संच त्याला काही करणार नाही.

त्याचे नखरेही आहेत. कॉइल तीन ओहमपेक्षा कमी असेल तर मॉड्यूल तापून मरू शकतं, म्हणून आधी मीटर लावून बघा. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवून गाणी ऐकत बसू नका. वायरी उलट्या लागल्या तर तिथेच खेळ खलास. बॅटरीचा प्लस बॉडीला असलेल्या जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या मालकांनी तर संच मागवतानाच हे सांगायला हवं. प्लगांकडे जाणाऱ्या नुसत्या तांब्याच्या एचटी वायरींऐवजी रेझिस्टन्सवाल्या लावा. आणि हे मॉड्यूल जातं तेव्हा आधी खोकत नाही, थेट जातं. रस्त्यात त्याची दुरुस्ती शक्य नाही. म्हणून माझ्या डिकीत गॅप लावलेली पॉइंटची प्लेट आणि चालून पारखलेला कंडेन्सर पिशवीत बांधून ठेवलाय. पॉइंटवाले यावर हसतात, हसू देत. बदलायला फार वेळ लागत नाही.

पॉइंट तसेच ठेवून मध्ये ट्रान्झिस्टरचा डबा घालायचा असाही एक पर्याय आहे. त्यात पॉइंटमधून अगदी थोडा करंट जातो, टोकं जळत नाहीत, कंडेन्सरचं महत्त्व संपतं आणि डबा गेला तर वायर बदलून पुन्हा जुन्या पद्धतीवर येता येतं. टाच मात्र झिजतच राहते. दोन्ही डगरींवर पाय ठेवायची हौस असेल तर वाईट नाही.

तुमची गाडी महिन्यातून एकदा चौकापर्यंत जाऊन येत असेल, हाताशी चांगला फिटर असेल आणि जुन्या साठ्यातले कंडेन्सर जपून ठेवले असतील, तर पॉइंट काढायची मला तरी गरज दिसत नाही. घाट, उन्हाळा आणि लांबचा पल्ला असेल तर मी संचाकडे झुकेन. पण पैसे भरण्याआधी कॅप उघडून रोटर चिमटीत धरा आणि शाफ्ट आडवा हलवून बघा. डुगडुगत असेल तर आधी बुश बदला. थोडी ढिलाई पॉइंटपेक्षा हा सेन्सर बरी सोसतो, पण फारच असेल तर चकती सेन्सरला घासेल.